दोन गाण्यांच्या मधली जागा

बहिऱ्या मुलांची शाळा शांत असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिथल्या बालवर्गात एक सकाळ काढून बघावी. खुर्ची ओढली की ती किती कर्कश ओरडते, हे ओढणाऱ्याला ठाऊक नसतं. डबा खाली पडला तर पाडणारा तो निवांत उचलतो. दार आपटणारा मागे वळूनही बघत नाही. आणि हसू आलं की पोरं अशी खणखणीत हसतात, की खिडकीच्या काचांना कळावं. बालवर्गाच्या बाईंनी या गलक्यात एकतीस वर्षं काढली होती. "दुसऱ्या शिक्षिकांचे संध्याकाळी पाय दुखतात," त्या म्हणायच्या, "माझे कान दुखतात."

वर्गात सहा मुलं होती. दुपारी एक ते दोन विश्रांतीचा तास. त्याआधी प्रत्येकाने आपलं श्रवणयंत्र, म्हणजे शाळेच्या भाषेत 'मशीन', काढून लाकडी पेटीत ठेवायचं. मशीन लावून कुशीवर झोपलं की ते शीळ घालतं आणि कानातला साचा टोचतो. पेटीला सहा कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यावर ज्याचा त्याचा फोटो. सहावं मशीन आत गेलं की बाई झाकण लावत. मग त्या खोलीत ऐकणाऱ्या दोघीच उरत, एक बाई आणि दुसऱ्या गाद्या घालणाऱ्या मावशी.

पण झोपणार कोण? त्यातून एक होती भिंगरी. तिचं हे नाव मावशींनी ठेवलं होतं आणि ते इतकं बसलं, की हजेरी घेतानाही बाईंच्या तोंडी तेच येई. साडेचार वर्षांची, काटकुळी, एका जागी टिकेल तर शपथ. सहाही जणांत तिचेच कान सर्वांत अधू होते. तिचं मशीन म्हणजे नुसतं कानातलं डूल, असं बाई मनातल्या मनात म्हणत. तिच्यावर शस्त्रक्रिया ठरली होती. कानाच्या आत यंत्र बसवायचं, कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात ते. वय पाचच्या आत असतानाच केलं तर भाषा नीट येते. तारीख मिळायला दीड वर्ष वाट बघावी लागली होती आणि चुकली तर पाळी पुढच्या मुलाकडे जाणार होती.

त्या वर्षी शाळेला कुणीतरी एक जुना सीडी प्लेअर दिला. बहिऱ्यांच्या शाळेला सीडी प्लेअर! मावशी हसून हसून बेजार झाल्या. "उद्या आंधळ्यांच्या शाळेला आरसे देतील," त्या म्हणाल्या. बाईंनी झाकण उघडलं तर आत एक डिस्क होती. सोबतच्या पाकिटावर धुक्यातली हिरवी टेकडी, तीन उभे दगड आणि पाठमोरी एक बाई. जगाच्या पश्चिम टोकाला पावसाळी बेटं आहेत, तिथलं केल्टिक म्हणतात ते संगीत. नऊ गाणी. गाणारीचं नाव कुठेच नव्हतं.

एक वाजता पेटीचं झाकण लावल्यावर बाईंनी ती डिस्क लावली. आपल्यासाठीच लावली. या वर्गात गाणं लावलं तर कुणाची झोपमोड होत नाही, हा एक फायदाच.

आधी तारा छेडल्याचा आवाज आला, थेंब पडावेत तसा. मागून बासरीसारखं काहीतरी, पण बासरीपेक्षा बारीक. मग त्या बाईचा आवाज. शब्द कुठल्या भाषेतले ते कळत नव्हतं, आणि कळावेत असंही वाटत नव्हतं. आवाज चढत नव्हता की उतरत नव्हता, दुपारच्या पाण्यासारखा पसरत होता. बाईंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरातली शांतता त्यांना खुपत असे. ही शांतता खुपली नाही. गाणं संपलं. चार-पाच सेकंद काहीच नव्हतं. मग दुसरं सुरू झालं. बाईंच्या हातातला चहा तसाच निवला.

"बाई," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोरांकडे बघा."

सहाही मुलं पाठीवर पडली होती. जागी होती, पण निश्चल. भिंगरीसुद्धा.

बाई जुन्या, मुरलेल्या शिक्षिका होत्या. कुठल्याही गोष्टीचं कारण शोधल्याशिवाय त्या तिला चमत्कार म्हणत नसत. बहिऱ्या मुलांना फरशीतून कंप कळतात, हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लेअर चार घड्या घातलेल्या ब्लँकेटवर ठेवला. मुलं तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कानाला हेडफोन लावला आणि खोलीत आवाजच येऊ दिला नाही. तरी मुलं तशीच. मग त्यांना वाटलं, आपला चेहरा निवतो, तो बघून पोरंही निवत असतील. ही मुलं चेहरे वाचण्यात पटाईत. म्हणून चौथ्या दिवशी, डिस्क पुन्हा खोलीत वाजत ठेवून, त्या कपाटाआड, मुलांकडे पाठ करून बसल्या.

ओठांच्या हालचाली शिकवण्यासाठी वर्गात भिंतभर आरसा होता. त्यात त्यांना मुलं दिसत होती. पहिलं गाणं संपलं आणि भिंगरीने मान हलवली. हो म्हणावं तशी. दुसरं गाणं सुरू झालं, मान स्थिर. ते संपलं, पुन्हा मान हलली. चौथ्या गाण्यानंतर ती हसलीसुद्धा.

गाणं कधी संपलं हे त्या मुलीला कळत होतं!

एकतीस वर्षं बाई आयांना बजावत आल्या होत्या, की घरी मुलाच्या मागे टाळ्या वाजवून 'ऐकू येतं' असं ठरवू नका, तपासणी करा, तपासणीशिवाय आशा धरू नका. आणि त्या दिवशी संध्याकाळी फाटकापाशी, कामावरून धावत आलेल्या भिंगरीच्या आईचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "अगं, तिला ऐकू येतंय."

व्हायचं तेच झालं. शस्त्रक्रियेला चार दिवस उरले असताना आई वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, मी नाही म्हणून कळवणार आहे."

"काय?"

"त्या शस्त्रक्रियेत उरलंसुरलं ऐकणंही जातं असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा काही नव्हतंच, म्हणून मी हो म्हटलं. आता आहे. आहे ते मी आपल्या हाताने का घालवू?"

"थांब, थांब. मी... एकदा तपासून घेऊ या."

"तुम्हीच सांगितलंत ना? आता तुम्हीच थांब म्हणता? एक काहीतरी बोला, बाई."

मुलीचा अख्खा जन्म आपल्या एका वाक्यावर लटकवून ठेवला आहे, हे बाईंना त्या दारात कळलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तपासणी ठरली. कान तपासणारे गृहस्थ बारीक चणीचे आणि तिरकस बोलणारे होते. मुलं त्यांना 'मशीनवाले' असं खुणेने म्हणत, म्हणून मोठी माणसंही तेच म्हणत.

"बाई, तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्हीच टाळ्या वाजवायला लागलात, तर मी दुकान बंद करतो."

तपासणीची खोली लहानशी होती. भिंतींना जाड मऊ अस्तर, दार बँकेच्या तिजोरीसारखं. आत ऐकणारा माणूस बसला तर त्याला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. भिंगरी आतल्या छोट्या टेबलाशी बसली, कानांवर हेडफोन. तिच्या शेजारी आईसाठी खुर्ची होती, पण आईला बाहेरच ठेवलं होतं, नकळत काही सुचवलं जाऊ नये म्हणून. बाहेरून काचेतून तिघंही बघत होती.

ही तपासणी म्हणजे एक खेळ असतो. मुलाने हातातला ठोकळा गालाशी धरायचा. आवाज आला की तो बादलीत टाकायचा आणि दुसरा उचलायचा. भिंगरीला हा खेळ तोंडपाठ होता.

मशीनवाल्यांनी आवाज सोडायला सुरुवात केली. जाड, मग बारीक. हळू, मग मोठा. शेवटी इतका मोठा, की काट्याने पलीकडचं टोक गाठलं. भिंगरी ठोकळा गालाशी धरून शांतपणे बसून होती.

"दीड वर्षापूर्वी होतं तेच," ते म्हणाले. "शून्य."

"डिस्क लावा," बाई म्हणाल्या.

"अख्खी? मला दुपारपर्यंत घरी जायचंय. प्रत्येक गाण्याचा शेवट ऐकवतो."

पहिल्या गाण्याचा शेवट लागला. ठोकळा गालाशी. गाणं संपलं. टप्. ठोकळा बादलीत.

दुसरं. तिसरं. प्रत्येक वेळी गाणं चालू असताना काही नाही. संपलं की टप्. पाच गाणी, पाच ठोकळे.

"बघा!" आई ओरडली. "थांबलेलं कळतं, म्हणजे ऐकू येतं!"

मशीनवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी सहावं गाणं लावलं आणि मधेच बंद केलं. ठोकळा हलला नाही. पुन्हा लावलं, पुन्हा मधेच तोडलं. ठोकळा जागच्या जागी. मग त्यांनी शेवट लावला. सूर विरला, आणि टप्.

"गाणं थांबल्याचं कळत नाहीये तिला," ते सावकाश म्हणाले. "ती नुसत्या मधल्या जागेलाच..." त्या जागेत काय रेकॉर्ड झालंय ते बघायला त्यांनी आवाज मोजणारा काटा पाहिला. काटा शून्यावर पडून होता.

त्यांनी डिस्क बाहेर काढली. हेडफोनची वायरही उपटली. "आता खेळ संपला," असं म्हणून त्यांनी काचेतून भिंगरीला हात दाखवला.

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने ठोकळा टाकला.

मग दुसरा. तिसरा. थोडं थांबून चौथा. घाई नव्हती, गोंधळ नव्हता. समोरच्याचं बोलणं नीट ऐकून घेऊन उत्तर द्यावं, तसे एकेक ठोकळे पडत राहिले. आता मधे गाणी नव्हती. नुसती जागाच होती.

ठोकळे संपले. भिंगरीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून तळहात पुढे केला आणि वाट बघत बसली.

"खोटे प्रतिसाद," मशीनवाले शेवटी म्हणाले आणि कागदावर तसं लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी छापल्यासारखं असे. "मुलांना खेळ आवडला की ती लांबवतात. पाहिलंय मी."

"असं पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

बाई भिंगरीच्या आईसमोर बसल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "तिला आवाज ऐकू येत नाही. एकही नाही. मी जे पाहिलं ते ऐकणं नव्हतं."

"मग काय होतं?"

"मला माहीत नाही. पण तू ही तारीख चुकवू नकोस. हवं तर मला शिव्या घाल. पण त्या संमतीच्या कागदावर सही कर."

"शिव्या काय घालायच्या, बाई!" आईने पदराने डोळे पुसले. "त्या रात्री मी घरात सगळ्यांना उठवून पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते." मग तिने हात पुढे केला. "द्या तो कागद."

शस्त्रक्रिया झाली. यंत्र आत बसवल्यावर लगेच सुरू करत नाहीत, जखम भरायला महिनाभर थांबतात. तोवर कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्या महिन्यात बाईंनी डिस्क पाकिटात घालून पोटमाळ्यावरच्या खोक्यात टाकली.

दुपारी एक वाजता पेटीचं झाकण लागलं, आणि मुलं पाठीवर पडून निश्चल झाली.

"आज तर काही लावलं नाही," मावशी म्हणाल्या.

"सवय लागलीय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून मावशी गाद्या घालून झाल्या की व्हरांड्यात जाऊन बसू लागल्या. आत पंखा होता, बाहेर ऊन होतं. बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी थोडे आढेवेढे घेतले. "आत दाटी वाटते हो," त्या म्हणाल्या.

बाईंना दाटी वाटत नव्हती. खरं सांगायचं तर बाईंना फार बरं वाटत होतं. सकाळपासून त्या एक वाजायची वाट बघत. त्या तासात मनात एकही विचार येत नसे, यजमानांचासुद्धा नाही. दोनची घंटा झाली की त्यांना जाणवे, की आपलीही मान मघापासून हळूहळू हलते आहे. हो म्हणावं तशी.

यंत्र सुरू करण्याचा दिवस उजाडला. मशीनवाल्यांच्याच खोलीत, सकाळी दहा वाजता. खोलीत चौघंजण: ते, आई, बाई आणि स्टुलावर भिंगरी. केस कापल्यामुळे ती आणखीच इवलीशी दिसत होती. कानामागे नवं यंत्र आणि त्याच्या वायरीला एक गोल चकती, लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी. चकती चिकटली की आवाज. काढली की शांतता.

मशीनवाल्यांनी चकती लावली, संगणकावर काहीतरी वाढवलं आणि मान हलवली.

"बाळा," आई म्हणाली.

भिंगरी दचकली. डोळे विस्फारले, खालचा ओठ थरथरला. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाळा, मी. आई."

भिंगरीने बोट आईच्या ओठांवर ठेवलं. मग स्वतःच्या कानावर. मग तिने जोरजोरात मान हलवली. आई रडत होती, हसत होती, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाईंनाही समोरचं धूसर दिसू लागलं. मशीनवाल्यांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला. "माझंही ऐक की गं," ते म्हणाले. "सगळं श्रेय आईलाच?"

भिंगरीने त्यांच्याकडे बोट केलं, मग आपल्या कानाकडे. येतो. यांचा आवाज येतो.

"आणि माझा?" बाई म्हणाल्या.

बाईंकडे बोट. कानाकडे बोट. येतो.

मग ते बोट बाईंच्या डाव्या बाजूला सरकलं. बाईंच्या शेजारी, भिंत आणि कपाटाच्या मधे जी हातभर जागा होती तिकडे. भिंगरीने त्या जागेकडे लक्षपूर्वक पाहिलं, आईच्या ओठांकडे पाहिलं होतं तसंच. वाट पाहिली.

तिने पंजा आडवा हलवला. नाही. हिचा येत नाही.

"कुणाचा गं?" आई हसत म्हणाली.

भिंगरीने चकती डोक्यावरून उपटली. तिचा चेहरा निवळला. दुपारी एक वाजता निवळायचा तसा. मान हलू लागली.

तिने चकती पुन्हा लावली. पंजा आडवा. नाही.

काढली. हो.

लावली. नाही.

मग तिने चकती काढली ती हातातच ठेवली. मुठीत घट्ट. आईने तिच्या कानाशी वाकून हाक मारली. ती वळली नाही.

"लाव ना गं, बाळा," आई म्हणाली. "लाव. बाई, तिला सांगा ना."

बाईंना कळत होतं, की आपल्याला भीती वाटायला हवी. वाटत नव्हती. डाव्या बाजूने त्यांना कमालीचं बरं वाटत होतं. इतकं, की त्या क्षणी पोरीच्या हातातली चकती खाली पडली असती, फुटली असती, तरी चाललं असतं. तसंच राहावं. कुणी काही बोलू नये.

मग त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं.

एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांचे गुडघे आपोआप वाकले. त्या भिंगरीसमोर खाली बसल्या. आपल्या ओठांवर उजेड पडेल अशा. त्यांनी तिची मूठ एकेक बोट करून उघडली, चकती घेतली आणि ती तिच्या केसांवर धरली. लोहचुंबकाने ती ओढून घेतली.

"आई," बाई स्पष्ट म्हणाल्या.

"बाळा," आई म्हणाली.

भिंगरी वळली. आईच्या कुशीत शिरली आणि तिच्या गळ्यातून येणाऱ्या त्या आवाजावर तिने कान टेकवला. तिथून ती हलली नाही.

मशीनवाल्यांनी सुस्कारा सोडला. संगणकाचा पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

बाई अजून जमिनीवरच होत्या. डाव्या बाजूचं ते बरं वाटणं गेलं होतं. पाऊल पाण्यातून काढून घ्यावं, तसं एकदम गेलं होतं. त्यांनी त्या हातभर जागेकडे पाहिलं नाही. भिंगरीकडे पाहिलं आणि खुणेने विचारलं, ती काय करतेय आता?

भिंगरीने आईच्या खांद्यावरून त्या जागेकडे पाहिलं. मग आपले ओठ मिटून, त्यांवर बोट आडवं फिरवून दाखवलं. तोंड मिटलं.

आणि?

भिंगरीने दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपाशी नेली, आणि तिथून ती सावकाश बाईंकडे वळवली.